शब्दचर्चा : रुग्णालयातल्या ‘ॲडव्होकेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) समाजसेवा विभागाचे माहितीपत्रक मी तेथील वयस्कर मराठी मंडळींसाठी मराठीत करीत आहे. ‘इंडिपेन्डन्ट ॲडव्होकेट’ची सोय विनामूल्य मिळते, असे त्यात म्हटले आहे. ‘स्वतंत्र वकील’ लिहिले तर आजी-आजोबांना कोर्टकचेरीची धास्ती वाटेल, आणि ‘ॲडव्होकेट’ तसाच ठेवला तरी ‘ॲड.’ ही पाटी आपल्याकडे वकिलाच्याच दारावर असते. ‘कैवारी’, ‘पैरवीकार’, ‘पाठीराखा’ हे पर्याय मनात आहेत. आपण कोणता शब्द घ्याल?

उत्तर

इंग्लंडमधील केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे, ज्याला मिळालेली माहिती समजणे, ती लक्षात राहणे, तिचा विचार करून निर्णयाला येणे किंवा आपले म्हणणे दुसऱ्याला कळवणे यांपैकी एखादी गोष्ट फार जड जाते, आणि ज्याला यात मदत करू शकेल असे योग्य माणूस जवळ नाही, त्याचे म्हणणे मांडायला कौन्सिलने इंडिपेन्डन्ट ॲडव्होकेट नेमलीच पाहिजे. पगारी काळजीवाहक ‘योग्य माणूस’ ठरत नाही. मुलगा-सून ठरू शकतात. पण संमती देण्याची क्षमता असलेल्या आजींनाच ते नको असतील, तर कौन्सिलला त्यांच्यावर भागवता येत नाही.

समजा, पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी रुग्णालयात आहेत. डॉक्टर, सोशल वर्कर आणि दुसऱ्या गावी राहणारा मुलगा या तिघांचेही मत त्यांना केअर होममध्ये हलवावे असे आहे, आणि आजींना मात्र स्वतःच्या घरी जायचे आहे. बैठकीत सगळे भराभर बोलतात, आजी मान हलवतात, आणि ती मान म्हणजे होकार असे धरले जाते. ॲडव्होकेट बैठकीआधी आजींना एकांतात भेटते, कागदावर काय लिहिले आहे ते सावकाश सांगते, आणि बैठकीत विचारते की न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि सकाळ-संध्याकाळ मदतनीस आली, तर घरी राहणे का जमणार नाही. आजींनी घरी जाऊ नये असे तिचे स्वतःचे मत असले, तरी ते ती मांडत नाही. निर्णयही तिच्या हाती नसतो.

या कसोटीवर ‘कैवारी’ टिकत नाही. कैवार घेणारा स्वतःच्या मनाने बाजू घेतो, आणि ज्याचा कैवार घेतला तो आपोआप दुबळा ठरतो. ‘रदबदली’ला वशिल्याचा वास आहे, साहेबांकडे शब्द टाकणे हे हे काम नव्हे. ‘मुखत्यार’ तर आजींच्या नावाने सहीच करील. ‘पैरवी’ स्वयंसेवी संस्थांच्या वर्तुळात रुळलेली आहे, पण तिथे तिचा अर्थ बहुधा धोरण बदलावे म्हणून सरकारकडे केलेला पाठपुरावा असा असतो. गंमत अशी की जुना ‘वकील’ अर्थाने सर्वांत जवळचा आहे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेल्या गोविंदराव काळ्यांचा न्यायालयाशी संबंध नव्हता; धन्याचे म्हणणे परक्या दरबारात मांडणे हे त्यांचे काम होते. तो अर्थ आता ‘वकीलपत्र घेणे’ या वाक्प्रचारात, तोही टोमण्यासारखा, उरला आहे.

माझी शिफारस : ‘तुमची बाजू मांडणारी स्वतंत्र व्यक्ती’. ‘बाजू घेणे’ आणि ‘बाजू मांडणे’ यांतला फरक मराठी कानाला चटकन कळतो, आणि इथे दुसराच अर्थ हवा आहे.

आक्षेप

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे ‘आरोग्यमित्र’ रुग्णालयात बसतात, आणि सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) असतात. नातेवाईक अडले की यांच्याकडेच धाव घेतात. मग ‘आरोग्यमित्र’ हा रुळलेला, आपुलकीचा शब्द का नको?

उत्तर

शब्द गोड आहे, परंतु तो ‘स्वतंत्र’ या विशेषणाशी जुळत नाही. आरोग्यमित्र योजनेचा माणूस आहे आणि समाजसेवा अधीक्षक रुग्णालयाचा पगारी कर्मचारी. दोघांचा उपयोग मोठा असला, तरी रुग्णालयाविरुद्ध गाऱ्हाणे असेल तेव्हा त्यांची पंचाईत होते. (इंग्लंडमध्येही या सेवेचा पैसा कौन्सिलच देते, त्यामुळे स्वातंत्र्य तिथेही सोळा आणे नाही, मात्र काम सहसा वेगळ्या संस्थेकडे सोपवलेले असते.) आपल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ही इथे चालणार नाही, कारण रुग्णाला निर्णय घेण्यासाठी फार आधार लागत असेल तेव्हा तो प्रतिनिधी रुग्णालयात दाखल करण्याचा अर्जही करू शकतो. त्याच्याकडे अधिकार आहे; ॲडव्होकेटकडे तो नाही.

प्रश्नकर्तीकडून

‘बाजू मांडणारी’ पटले. पण ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे काहीच सांगता येत नाही, त्यांची बाजू कोणी कशी मांडायची? पत्रकात तोही परिच्छेद आहे.

उत्तर

तो परिच्छेद बहुधा मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ विषयीचा असेल. गंभीर उपचार किंवा दीर्घ मुक्कामासाठी जागा बदलण्याचा निर्णय घेण्याची क्षमता नसलेल्या, आणि ज्यांच्याविषयी विचारायला नातलग किंवा मित्र नाहीत अशांसाठी इंग्लंडमध्ये २००७ पासून ही सोय आहे. तिथे ती व्यक्ती कागदपत्रे पाहते, ओळखीच्यांकडे चौकशी करते, आणि या माणसाला पूर्वी काय आवडे, कशावर श्रद्धा होती, हे निर्णय घेणाऱ्यांसमोर लेखी ठेवते. तो अहवाल त्यांना विचारात घ्यावाच लागतो. इथे ‘तुमची बाजू’ म्हणता येत नाही; ‘रुग्णाच्या इच्छा आणि हित पाहणारी स्वतंत्र व्यक्ती’ असे लिहावे. दोन्ही ठिकाणी एकच शब्द बसवण्याचा हट्ट धरू नये.

आणखी एक. ‘दुभाषा वेगळा मिळेल’ हे वाक्य स्वतंत्रपणे टाकावे, कारण मराठी बोलणारी व्यक्ती समोर आली की तीच ॲडव्होकेट, असा समज सहज होतो. नावाशेजारी कंसात ‘ही व्यक्ती कोर्टातील वकील नव्हे, पैसे द्यावे लागत नाहीत’ एवढे लिहिले की धास्तीचा प्रश्नही उरणार नाही.