वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, मदत हवी आहे

ठाकुर्ली_लोकल | सोमवार, रात्री ९:४०
लवकर मदत हवी आहे. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. कंपनीचा माणूस काल येऊन गेला. "मशीनमध्ये फॉल्ट नाही, घरचा प्रॉब्लेम आहे" एवढं सांगितलं आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. घरात बाकी कशालाच करंट लागत नाही. पाऊस थांबत नाहीये, कपड्यांचा ढीग साठलाय. वॉरंटी संपलेली आहे. मशीन बदलू का?

पावसाळी_छत्री | ९:५२
कुठलं मशीन? फ्रंट लोड, टॉप लोड, सेमी? ठेवलंय कुठे?

नाशिकची_सून | ९:५८
आमच्याकडेही व्हायचं. खाली जाड रबरी मॅट टाकली, तेव्हापासून काही नाही. दोनशे रुपयांत काम झालं. मशीन बदलू नका.

जुना_तारतंत्री | १०:१५
मॅटने करंट जात नाही, फक्त तुम्हाला कळायचा थांबतो. मॅटवरून एक पाय ओल्या फरशीवर पडला की तोच शॉक.
ताई, हे सांगा: १) बिल्डिंग किती जुनी? २) मशीनची पिन मोठी, १६ अँपियरची आहे ना, आणि ती कशात लावली आहे? ३) मेन बोर्डात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच आहे का? ४) झिणझिण्या सगळ्यांना येतात का?

ठाकुर्ली_लोकल | १०:३१
फ्रंट लोड, ७ किलो. ड्राय बाल्कनीत. बिल्डिंग १९८७ सालची, आम्ही मार्चमध्ये राहायला आलो. पिन मोठी आहे, सॉकेट लहान आहे म्हणून कन्व्हर्टर लावलाय, तो आधीच्या घरातलाच. बटणवाला स्विच दिसत नाही, साधे फ्यूज आणि दोन एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच) आहेत.
मला चपला असतील तर काही होत नाही. कामाला येणाऱ्या मावशी अनवाणी असतात, त्यांना लागतो. गेला आठवडाभर त्या हाताला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून मशीनचं दार उघडत होत्या. मला काल कळलं. म्हणूनच इतकी घाई आहे.

सुखी_गृहस्थ | १०:४४
फ्रंट लोड घेऊच नये. रबराच्या गास्केटमध्ये बुरशी धरते, वास येतो. आम्ही महिन्यातून एकदा व्हिनेगर टाकून रिकामं चालवतो. आणि मशीन स्पिनला हलत असेल तर चारही पाय लेव्हल करा.

जुना_तारतंत्री | १०:५८
मावशींना उद्यापासून मशीनला हात लावू देऊ नका. मशीनचा प्लग आत्ताच काढा. कपडे दोन दिवस हाताने धुवा.
कन्व्हर्टर आधी फेका. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायची कॉइल असते, साधारण २००० वॅटची. २३० व्होल्टला ती जवळजवळ ९ अँपियर ओढते आणि तुम्ही ते ६ अँपियरच्या सॉकेटमधून ओढताय. कन्व्हर्टर हातात घेऊन बघा, प्लास्टिक पिवळं पडलंय का, जळका वास येतोय का.

ठाकुर्ली_लोकल | ११:०६
पिवळं नाही, एका पिनेजवळ तपकिरी झालंय. वासही येतोय. प्लग काढला.

झटपट_उपाय | ११:२०
एवढं घाबरायचं कारण नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग (जमिनीत जाणारी तिसरी वायर) नसतंच. सॉकेटच्या मागे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा तुकडा जोडायचा. पाच मिनिटांचं काम. माझ्या घरी सहा वर्षं असंच आहे.

गच्चीवरचा_चहा | ११:२६
मशीन ठेवलेल्या जागेला खालून जाळी आहे का? आमच्या मशीनमध्ये उंदीर शिरून त्याने मोटरची वायर कुरतडली होती, बॉडी लाइव्ह झाली होती. टॉर्च मारून बघा.

ठाकुर्ली_लोकल | मंगळवार, दुपारी १:१५
सगळ्यांचे आभार! कोपऱ्यावरच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन आला, मोठं सॉकेट बसवलं आणि "अर्थिंग करून दिलं" म्हणाला. साडेतीनशे घेतले. आता अनवाणी उभं राहूनही काही लागत नाही. टेस्टरही लागत नाही. धागा बंद केला तरी चालेल.

जुना_तारतंत्री | १:२२
थांबा. अर्थिंग कुठून आणलं त्याने? वायर ओढली का खालपर्यंत?

ठाकुर्ली_लोकल | १:४०
नाही, वायर वगैरे काही ओढली नाही. वीस मिनिटांत झालं.

जुना_तारतंत्री | १:४४
मग त्याने झटपट_उपाय यांनी लिहिलेलंच केलंय. मशीन लावू नका. मेन बंद करून, दुसऱ्या कुणालातरी सोबत घेऊन, सॉकेटची प्लेट उघडायला सांगा. अर्थच्या खुणेच्या भोकाच्या मागे आलेली वायर कुठून येते ते बघा.

ठाकुर्ली_लोकल | संध्याकाळी ७:०५
नवऱ्याने मेन बंद करून प्लेट उघडली. बोटाएवढा हिरवा तुकडा आहे, न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर. तिसरी वायर भिंतीतून आलेलीच नाही. पण मग शॉक बंद कसा झाला? मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_तारतंत्री | ७:३०
ताई, मशीनमध्ये विजेचा फिल्टर असतो (कचऱ्याचा नव्हे), त्यातले दोन छोटे कपॅसिटर एक फेजकडून (करंट आणणारी वायर) आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. त्यातून झिरपणारा करंट अर्थच्या वायरने निघून जायला हवा. ती वायर नसली की बॉडी मध्येच लोंबकळते, साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, ११०-११५ व्होल्ट. करंट एका मिलिअँपियरहूनही कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. कंपनीचा माणूस मशीन ठीक आहे म्हणाला ते खरंही असेल. पण घरात अर्थिंग नाही हे स्पष्ट न सांगता निघून जाणं मला पटत नाही.
आता तो तुकडा. त्याने बॉडी न्यूट्रलला बांधली, म्हणून झिणझिण्या गेल्या. उद्या त्या सॉकेटच्या मागची न्यूट्रल ढिली झाली, किंवा फ्यूजमधून तुटली (जुन्या घरात न्यूट्रललाही फ्यूज असतो), तर फेज मशीनच्या कॉइलमधून, मोटरमधून येऊन थेट बॉडीवर बसेल. पूर्ण २३०. मशीन बंद पडलेलं दिसेल आणि माणूस काय झालं म्हणून हातच लावायला जाईल. कुणी बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे लावले तर मशीन सुरूही न करता बॉडी लाइव्ह. मी ३१ वर्षं हे काम केलंय. असा तुकडा दिसला की मी आधी तो काढतो आणि मग घरमालकाशी बोलतो.

झटपट_उपाय | ७:४१
सहा वर्षांत काही झालेलं नाही. आणि महावितरणचा न्यूट्रलही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीतच जातो की.

जुना_तारतंत्री | ७:४९
ट्रान्सफॉर्मरपाशी जातो, तुमच्या सॉकेटपाशी नाही. मधे किती जोड आहेत ते मोजा. तुम्ही घरात राहता, म्हणून कळकळीने सांगतो, आजच काढा.

सर्किट_सातारा | ८:१०
तारतंत्री साहेबांशी सहमत, पण एक मोठी गोष्ट राहिली. नुसतं अर्थिंग करून भागणार नाही, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (तोच 'टेस्ट' बटणवाला स्विच) हवीच. समजा बिल्डिंगच्या अर्थिंगचा रोध २० ओहम निघाला (जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). बॉडीवर फेज आली तर करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. १६ अँपियरची एमसीबी त्याला पडणारच नाही, बॉडी लाइव्ह राहील. आरसीसीबी मात्र जाणारा आणि येणारा करंट यांतला फरक बघते, ३० मिलिअँपियरला तुटते. आधी आरसीसीबी, मग बाकी.

जुना_तारतंत्री | ८:२४
आधी आरसीसीबी नाही, आधी अर्थिंग. अर्थिंग नसताना आरसीसीबी तुटण्यासाठी करंट माणसातूनच जावा लागतो. मावशींना शॉक बसल्यावर ती पडणार. अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधीच पडेल.

सर्किट_सातारा | ८:३३
मान्य. पण सोसायटी अर्थिंगचा खड्डा खणायला सहा महिने लावेल, तोवर घरात काय? आरसीसीबी उद्या बसते. तो हिरवा तुकडा आधी निघायला हवा हे मात्र खरं. पुढे खरं अर्थिंग जोडलं की त्या तुकड्यामुळे आरसीसीबी सारखी पडेल आणि कुणीतरी ती बायपास करून जाईल.

जुना_तारतंत्री | ८:३८
हो, हे बरोबर. दोन्ही करा. तोवर मशीन बंद.

म्युनिकहून | ८:५०
इथे जर्मनीत बऱ्याच घरांत मशीन बाथरूममध्येच असतं. नियम असा की टबच्या कडेपासून ६० सेंटीमीटरच्या आत सॉकेट नको, आणि बाथरूमच्या सॉकेटवर ३० मिलिअँपियरचं संरक्षण हवंच. आपल्याकडे असा काही नियम आहे का?

सर्किट_सातारा | ९:०२
आहे. मशीनसाठी आयएस (भारतीय मानक) ३०२ च्या भाग २ मधला ७वा विभाग, वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. एका जागी ठेवलेल्या, मोटरवर चालणाऱ्या, अर्थ लागणाऱ्या उपकरणाला साडेतीन मिलिअँपियरपर्यंत गळती चालते. हे सगळं मशीन अर्थला जोडलंय असं धरून. पिनांमधली अर्थची पिन लांब ठेवलेली असते, ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. लोक ती कापून टाकतात.

सुखी_गृहस्थ | ९:१५
लिक्विड डिटर्जंट की पावडर? फ्रंट लोडला काय चांगलं?

नाशिकची_सून | ९:२१
रबरी मॅटबद्दल मी लिहिलं होतं, ते चुकलं. आमच्या घरीही आज टेस्टर लावला, लागतोय. घरी लहान मूल आहे. उद्याच बोलावते कुणालातरी.

जुना_तारतंत्री | ९:३०
बोलावताना परवानाधारक तारतंत्रीला बोलवा आणि मीटर लावून तीन आकडे दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. पण तिसरा आकडा बरोबर शून्य आला तर प्लेट उघडून आत तुकडा नाही ना ते बघा. आणि नळाच्या पाइपला अर्थ जोडू देऊ नका. आता मधे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप असतोच, मग वरच्या मजल्यावरच्या माणसाला नळाला शॉक बसतो.

ठाकुर्ली_लोकल | रविवार, सकाळी ११:५०
अपडेट. परवानाधारक माणूस मिळाला. तुकडा काढल्यावर त्याने मोजलं: फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११२. वर सांगितलं होतं तसंच निघालं, मी आकडे बघून गप्प झाले.
मग सेक्रेटरींना घेऊन मीटर रूममध्ये गेलो. अर्थिंगची पट्टी आहे, पण बाहेर जाते तिथे पेव्हर ब्लॉक घालताना तोडलेली. अर्थिंगचा खड्डा ब्लॉकखाली गेलाय. म्हणजे सोळाच्या सोळा घरांना अर्थिंग नाही. सेक्रेटरींच्या घरी टेस्टर लावून दाखवल्यावर त्यांनी त्याच दिवशी माणसं बोलावली. ब्लॉक काढले, नवीन पाइप ठोकला, पट्टी जोडली. अर्थिंग ३.८ ओहम आलं. आमच्या घरापर्यंत हिरवी वायर ओढली आणि आरसीसीबी बसवली. आता न्यूट्रल-अर्थ १.६.
अडचण एकच. गिझर लावला की आरसीसीबी पडते. इलेक्ट्रिशियन म्हणतो गिझर तिच्या आधीच्या लाइनवर घेऊ, मग पडणार नाही. घेऊ का?

जुना_तारतंत्री | १२:०४
नको. गिझरची कॉइल गळतेय, ती आजवर कळत नव्हती एवढंच. कॉइलच्या नळीतली पावडर ओल धरते आणि करंट बॉडीकडे झिरपतो. कॉइल बदला. तोवर पाणी गॅसवर तापवा. आणि महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडते का बघा.

ठाकुर्ली_लोकल | १२:२०
गिझर बंद ठेवलाय. मावशी विचारत होत्या, त्यांच्या चाळीत पाण्याची मोटर आहे, तिलाही सगळे प्लास्टिकची पिशवी गुंडाळूनच हात लावतात. त्यांना काय सांगू?

जुना_तारतंत्री | १२:२६
चाळ कुठे आहे? मी कल्याणला राहतो. मला खासगी निरोपातून पत्ता पाठवा, संध्याकाळी मीटर घेऊन जाऊन येतो. तोवर मोटर कुणी लावू नका म्हणावं.