लगद्याचा नकाशा: माप, तडे आणि कोयना

तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी सातारा जिल्ह्याचा उठावाचा नकाशा कागदाच्या लगद्यातून करावा, ही सूचना उत्तम. पण "वाळताना लगदा तडकतो" अशी काहींची तक्रार असते, त्यांच्यासाठी थोडी भर.

वर्तमानपत्र रात्रभर भिजवा, कुटा आणि घट्ट पिळा, मगच गव्हाच्या पिठाची खळ घाला. पिळताना कंटाळा केला की तडा ठरलेलाच. खळ शिजवताना चिमूटभर तुरटी टाका. बुरशी टाळायला मोरचूद मात्र अजिबात घालू नका, ते विषारी असतं आणि मुलांचे हात सारखे तोंडात जातात. एका वेळी एक सेंमीपेक्षा जाड थर देऊ नका, आणि वाळवण सावलीतच.

फळी 60 सेंमी चौरस, माप 1 सेंमी = 3 किमी. याच मापाने उंची धरली तर महाबळेश्वर (सुमारे 1,370 मीटर) जेमतेम अर्धा सेंमी भरतं! म्हणून उंचीला 1 सेंमी = 300 मीटर घ्या, साडेचार सेंमी होईल. उंची दहापट फुगवलीय हे मुलांना सांगाच.

खरी गंमत नद्यांत. सह्याद्री जवळ म्हणून मुलं कोयनेला सरळ कोकणात उतरवतात. ती दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला जवळजवळ समोरासमोर भिडते. रंगवण्याआधी पाठातला कोयनेचा परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या आणि प्रत्येक वळणावर बोट ठेवायला लावा. मगच निळा रंग, तोही लगदा पूर्ण वाळल्यावर. ओल्यावर तो पसरतो.