काहीच घडलं नाही त्या दिवशीपण एवढा थकवा का येतो?

गोदाकाठची:
मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झाली पण मी बाई आहे, वय ३१, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला. कोणी मारत नाही, रोज टोमणे पण नसतात, तरी संध्याकाळी पाथर्डी फाट्याला शेअर रिक्षातून उतरले की अंगात जीव नसतो. दिवसभर डोक्यात तेच, रिक्षात बोलावं का नुसते सुट्टे पैसे पुढे करावेत, टॉयलेटला आत्ता जावं का सगळ्या जेवायला गेल्यावर, त्यापायी पाणीच कमी पिते. रविवारीपण झोप नीट नाही. थायरॉइड, बी१२, सगळं नॉर्मल आलं. आई म्हणते होतास तसा राहिला असतास तर ही वेळ आली नसती, आणि आता मलाच ते खरं वाटायला लागलंय. अजून कोणाला असं होतं का?

मनमोकळं:
ताई, मी काउन्सेलिंग करते. याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, म्हणजे संख्येने कमी असलेल्या गटातल्या माणसाला लोकांच्या वागण्यामुळे येणारा ताण. इलान मायर यांनी २००३ मध्ये गे, लेस्बियन, बायसेक्शुअल लोकांबद्दल ही मांडणी केली आणि २०१२ मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी ती ट्रान्स लोकांना लावून दाखवली. एक त्रास बाहेरचा, नोकरी नाकारणं, मारहाण, मुद्दाम जुन्या नावाने हाक मारणं. दुसरा आत चालतो, कोणी काही बोलेल ही धास्ती, सतत लपवणं, आणि लोक बोलतात तेच स्वतःबद्दल पटायला लागणं. तुमचं आईबद्दलचं वाक्य वाचून मला हेच जास्त टोचलं. धास्ती असली की काही न घडताही शरीर सावधच राहतं, मग झोप कुठून येणार?

ट्रान्स असणं हा आजार नाही, डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, ते मानसिक आजारांत धरलेलं नाही. उदासी, एन्झायटी असेल तर उपचार त्याचे घ्या. कोणी डॉक्टर 'बदलून देतो' म्हणाला तर सरळ उठून या, डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच असली 'बदलून देणारी' कन्व्हर्जन थेरपी हे गैरवर्तन ठरवलंय. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. आणि पाणी प्या हो, लघवीचं इन्फेक्शन मागे लागेल.

सातपूरकर:
मी ट्रान्समॅन. वरचं सगळं पटलं पण सगळं आपणच आपल्या मनावर काम करून सुधारायचं हे मला मान्य नाही, टॉयलेटची भीती श्वासाच्या व्यायामाने कशी जाईल? ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात नोकरीत भेदभावाला बंदी आहे आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. एचआरला तुमच्याकडे कोण आहे ते विचारा, पण एकटीने नको, ऑफिसातली एखादी भरवशाची मैत्रीण सोबत घ्या. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो आपल्या लोकांत बसून. आम्ही चारपाच जण इंदिरानगरला एकाच्या घरी जमतो, भाजी चिरतो, भांडतो, तिथे आवाज कसा येतोय याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्या रात्री मी गाढ झोपतो. मेसेज करा, या.

पंचवटीची_ताई:
माझा धाकटा भाऊ ट्रान्स आहे म्हणून लिहिते. आमच्या आईला मी समजावलं, त्याने नाही. रोज स्वतःच्या असण्याचा खुलासा त्यानेच का द्यायचा? तुमच्या घरी बहीण, मावशी, आत्या, कोणी एक तरी तुमच्या बाजूने बोलणारं असेल तर आईशी बोलायचं काम तिच्यावर सोपवा.

गोदाकाठची:
मावशी आहे, सिन्नरला. उद्या फोन करते तिला. सातपूरकर दादा, मेसेज केलाय.