शब्दचर्चा: ‘गॉडमॉडिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

लातूरकर: आम्ही काही जण मिळून ऑनलाइन गोष्ट लिहायलोत. प्रत्येकाचं एक पात्र, पाळीपाळीनं लिहायचं. काळ 1296 चा, देवगिरीवर खिलजीची स्वारी येण्याआधीचा. नवीन येणाऱ्यांसाठी नियम मराठीत मांडायचे आहेत, पण गॉडमॉडिंग, मेटागेमिंग, ओओसी हे शब्द त्यांना कळत नाहीत. ‘दैवीकरण’ असं एकानं सुचवलं, ते पटलं नाही. दुसरे शब्द सुचवा.

नांदेडकर: दादा, ‘दैवीकरण’ नकोच. संगणकी खेळात ‘गॉड मोड’ म्हणजे पात्राला इजाच होत नाही अशी सोय. लेखी खेळात त्याचे दोन अर्थ झालेत: आपलं पात्र कधीच हरू न देणं, आणि दुसऱ्याच्या पात्राचं आपणच लिहून टाकणं. पहिल्याला ‘अजिंक्यपणा’ चालेल. भांडणं होतात ती दुसऱ्यावरून, आणि त्यासाठी आपल्याकडं रोजच्या वापरातला शब्द आहे: ‘परस्पर’. ‘वावर परस्पर विकला’, ‘लग्न परस्पर ठरवलं’ म्हणतो, तसंच ‘माझ्या पात्राचं परस्पर लिहू नका’. सांगावं लागत नाही, लगेच कळतं.

या शब्दाचा संस्कृतातला अर्थ ‘एकमेकांना, एकमेकांशी’. मराठीनं त्याला ‘न विचारता, मधल्याला वगळून’ असाही अर्थ दिला. परस्परांच्या संमतीनं लिहिलं तर खेळ, परस्पर लिहिलं तर आगळीक. या नियमासाठी याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

आता खरा मुद्दा क्रियापदांचा. हे वाक्य पाहा: ‘हेरानं पहारेकऱ्याच्या गळ्याला सुरी लावली आणि घाबरून त्यानं अंधारीची, म्हणजे गडातल्या काळोख्या भुयाराची, वाट सांगून टाकली.’ पहारेकरी दुसऱ्याचा. त्याचं घाबरणं आणि सांगणं दोन्ही परस्पर झालं. ‘हेर सुरी घेऊन झेपावला’ इथं थांबलं की पुढचं पहारेकऱ्याच्या हातात. मराठीत यासाठी ‘उगारणे’, ‘झेपावणे’, ‘रोखणे’, ‘धावून जाणे’ अशी क्रियापदं आहेत, ज्यांत कृती सुरू होते पण पोचत नाही. उलट ‘लागणे’, ‘घाबरणे’, ‘पटणे’, ‘आवडणे’ ही ज्याला होतं त्याची क्रियापदं. मार मी उगारेन, पण लागला की नाही ते ज्याचं पात्र तोच लिहील. नवीन मुलांना मी एवढंच सांगते, आणि निम्मे वाद मिटतात.

पुणेकर: एक शंका. तुमच्याकडचे लेखक ‘हेर त्याला मारायलाय’ असं लिहितात. मी ते ‘मारायला निघालाय’ असं वाचलं आणि माझ्या पात्रानं वार चुकवला. समोरचे रागावले.

नांदेडकर: सर, आमच्याकडं ‘मारायलाय’ म्हणजे मारतो आहे, आत्ता, चालू. ‘जेवायलाय’ म्हणजे ताटावर बसलेला. त्यामुळे त्यांच्या हिशेबानं वार पडायला लागलेत. पण मुळात असं लिहिणंच परस्पर झालं, तेव्हा चुकवण्याचा हक्क तुमचाच. संवादात आमची बोली हवीच, ती काढायला कुणाला सांगू नका. पण वार, पकड, धक्का अशा जागी ‘उगारला’, ‘धावून गेला’ असं सगळ्यांना एकच कळेल ते लिहावं.

परभणीकर: मेटागेमिंग, म्हणजे लेखकाला माहीत असलेलं पण पात्राला कळायला वाव नसलेलं पात्राकडून वापरून घेणं, त्याला ‘आगाऊपणा’ म्हणा. ‘आगाऊ’ म्हणजे वेळेआधीचं, आणि मर्यादा सोडून वागणाराही. कोठारातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं ही देवगिरीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तुमच्या पात्रानं पोतं उघडलेलं नाही. त्यानं आधीच ‘मीठ आहे, पळा’ म्हटलं तर रामदेवरायाच्या गडावर राहून शाळेचं पुस्तक वाचल्यासारखं होतं.

ओओसी, म्हणजे पात्राबाहेरचं बोलणं, बहुतेक जण दुहेरी कंसात लिहितात. मग त्याला ‘कंसातलं’च म्हणा. ‘स्वगत’ चालणार नाही, ते पात्राचंच असतं.

नांदेडकर: ‘कंसातलं’ मलाही आवडलं. भारुडात सोंग घेतलेला माणूस मधेच सोंग ठेवून लोकांशी साधं बोलतो, ती सवय आपल्याला आहे. फक्त कंसात अहो-जाहो पाळा. गोष्टीत तुमचा सरदार माझ्या दासीला ‘ए, इकडं ये’ म्हणेल, ते सोंगाचं आहे. कंसात मात्र मी ‘ताई’. शिवी, छळ, मृत्यू असलं काही आणायचं असेल तर आधी कंसात विचारा. शृंगाराचा प्रसंग आला तर दोघांच्या संमतीनं पडदा पाडून पुढच्या सकाळवर जा. आणि समोरचा अठरा वर्षांखालचा असेल, किंवा वय माहीत नसेल, तर तो प्रसंग आणूच नका, पडदा पाडूनही नाही. यावर चर्चा ठेवू नका, सरळ नियम लिहा. कुणी कंसात ‘थांबा’ लिहिलं की थांबायचं, कारण मागायचं नाही.

लातूरकर: ताई, परस्पर, आगाऊपणा, कंसातलं हे तिन्ही घेतो. एक राहिलं: काही जण न सांगता गायब होतात, त्यांच्या पात्राचं काय करावं?

नांदेडकर: ते पात्र ‘परगावी गेलं’ असं लिहा. मारू नका. तेही परस्परच होईल.