शब्दचर्चा : जमिनीवरच्या 'आयएनएस'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : १९४६च्या नाविकांच्या उठावावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'एचएमआयएस तलवार' हे नाव वारंवार येतं. मराठीत मी बहुतेक ठिकाणी 'तलवार जहाजावर उठाव झाला' असंच वाचलं आहे, पण लेखात तर बराकी, मेस आणि वर्गांची वर्णनं आहेत. तलवार हे जहाज होतं का? आणि 'शोअर एस्टॅब्लिशमेंट'साठी, म्हणजे नौदलाच्या जमिनीवरच्या ठाण्यासाठी, कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद : तलवार हे जहाज नव्हतं. ती मुंबईतली, जमिनीवरची सिग्नल शाळा होती. रॉयल इंडियन नेव्हीतल्या मुलांना तिथे संदेशवहनाचं शिक्षण मिळे. निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्धचा संप १८ फेब्रुवारी १९४६ला तिथे सुरू झाला आणि तिथून बंदरातल्या जहाजांवर आणि इतर ठाण्यांवर पोचला. तुमच्या लेखात हे बरोबर येणं फार महत्त्वाचं आहे. 'जहाजावर उठाव' लिहिलं की वाचकाला समुद्रात एकटं पडलेलं एखादं जहाज दिसतं. प्रत्यक्षात ठिणगी पडली ती शाळेत. तिथली मुलं इतरांपेक्षा जास्त शिकलेली होती आणि बिनतारी यंत्रं त्यांच्या हाताखालची होती. बातमी इतक्या वेगानं का पसरली, याचं उत्तर 'शाळा' या शब्दातच आहे.

घोटाळा होतो तो नावामुळे : 'एचएमआयएस' म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', आजच्या 'आयएनएस'चं (इंडियन नेव्हल शिप) जुनं रूप. इमारतीला जहाजाचं नाव देण्याची पद्धत ब्रिटिश नौदलातून आली. तिथे प्रत्येक नाविकाचं नाव कोणत्या तरी जहाजाच्या हजेरीपटावर असावं लागे. नौदलाची शिस्त आणि शिक्षा त्या आधारे लागू होत. मग किनाऱ्यावर शिकणाऱ्यांचं आणि कचेरीत काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी इमारतीलाच कागदोपत्री जहाज केलं गेलं. पोर्टस्मथची तोफखान्याची शाळा 'एचएमएस एक्सलंट' १८३०मध्ये खऱ्या जुन्या जहाजावर सुरू झाली, पुढे शाळा जवळच्या बेटावर गेली आणि नाव तेच राहिलं. अशा ठाण्यांना तिकडचे नाविक 'स्टोन फ्रिगेट', म्हणजे दगडी युद्धनौका, म्हणतात. याहून जुनं उदाहरण १८०४चं : कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाजवळचा एक सुळका तोफा चढवून चक्क युद्धनौका म्हणून नोंदवला होता!

तेव्हा माझी सूचना : पहिल्या उल्लेखात 'तलवार ही किनाऱ्यावरची सिग्नल शाळा', पुढे नुसतं 'तलवार'.

प्रतिसाद : वरच्याशी सहमत. पण सर्वसाधारण शब्दाचं काय? हिंदीत 'आयएनएस'चं 'भारतीय नौसेना पोत' होतं आणि मराठी अनुवादांतही ते शिरू लागलं आहे. मला ते नको वाटतं. एक तर आपण 'नौदल' म्हणतो. दुसरं म्हणजे 'पोत' ऐकल्यावर मराठी कानाला कापडाचा पोत आठवतो, गळ्यातली पोत आठवते, देवीपुढे नाचवतात तो पोत आठवतो. जहाज सर्वांत शेवटी. शिवाय लोणावळ्याच्या डोंगरावरच्या 'आयएनएस शिवाजी'ला पोत म्हणून वाचकाच्या हाती काय लागणार? तिथे १९४५पासून नौदलाचं यांत्रिकी शिक्षण चालतं, समुद्र दिसतही नाही. मी 'नौदलाचा तळ' म्हणेन.

प्रतिसाद : 'तळ' सगळीकडे चालणार नाही. तळ म्हणजे जिथे जहाजं येतात, दुरुस्त होतात, इंधन आणि रसद घेतात ती जागा. कारवारला तळ आहे. लोणावळ्याला प्रशिक्षण केंद्र आहे. मालाडजवळच्या 'आयएनएस हमला'त रसद आणि हिशेबाच्या शाखेचं शिक्षण होतं, तेही केंद्रच. मुंबईच्या 'आयएनएस आंग्रे'चं काम मुख्यतः प्रशासनाचं. ते ठाणं आधी 'डलहौसी' होतं, १९५१मध्ये मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल (प्रमुख) कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं. गव्हर्नर जनरलच्या जागी सरखेल आले, हे लिहिताना मला आजही आनंद होतो. या सगळ्यांना एकत्र म्हणायचं असेल तर 'किनारी आस्थापना' आणि एकेकटीबद्दल लिहिताना तिच्या कामाप्रमाणे शाळा, केंद्र, तळ, कचेरी. 'आस्थापना' थोडा सरकारी वाटतो हे खरं, पण अर्थ अचूक आहे.

प्रश्नकर्ती : आभार. याच ओघात, 'सदर्न नेव्हल कमांड'साठी 'दक्षिण नौदल विभाग' लिहू का?

प्रतिसाद : 'विभाग' टाळा. 'विभाग' म्हटलं की महसूल विभाग, पाणीपुरवठा विभाग असं काही डोळ्यांपुढे येतं. भूदलाच्या पुण्याच्या कमांडसाठी वृत्तपत्रांनी 'दक्षिण मुख्यालय' रुळवलं, पण मुख्यालय ही जागा झाली. कमांड म्हणजे तिच्या हाताखालचा सगळा पसारा. 'कमांड' तसाच ठेवा, वाचकाला तो कळतो.

दक्षिण कमांडच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं, कारण तिच्या नावातला 'दक्षिण'ही नकाशा पाहून समजत नाही. तिचं मुख्यालय कोचीला. तिथलं 'वेंदुरुथी' ठाणं दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये उभं राहिलं. त्याच्याभोवती एकेक शाळा येत गेली, १९५३मध्ये 'गरुड' हा हवाई तळ आला. १९६८मध्ये पश्चिम आणि पूर्व कमांड झाल्या, लढाऊ जहाजांचे ताफे त्यांच्याकडे गेले आणि कोचीकडे शिक्षण राहिलं. आज हीच नौदलाची प्रशिक्षण कमांड आहे. म्हणून लोणावळ्याचं 'शिवाजी', जामनगरचं विद्युत शाखेचं 'वलसुरा', ओडिशातलं नव्या भरतीचं 'चिल्का' ही सगळी शिक्षणाच्या बाबतीत कोचीकडे पाहतात. 'दक्षिण विभाग' लिहिलंत तर वाचक यातलं एकही नाव तिथे शोधणार नाही. पहिल्या उल्लेखात 'दक्षिण नौदल कमांड, म्हणजे नौदलाची प्रशिक्षण कमांड' असं जोडून लिहा.

प्रश्नकर्ती : आणि शेवटचं. 'शिवाजीवर' की 'शिवाजीत'? 'शिवाजी दाखल झाली' की 'झालं'?

प्रतिसाद : नौदलातले लोक 'वर'च म्हणतात. 'माझं पोस्टिंग आंग्रेवर आहे.' तिथे जमिनीला डेक म्हणतात, भिंतीला बल्कहेड, आणि फाटकाबाहेर पडणं म्हणजे 'किनाऱ्यावर जाणं'. संवादात आणि आठवणींत 'वर' ठेवा, त्यात त्या जगण्याची चव आहे. निवेदनात मात्र 'तलवारमध्ये' लिहा, नाहीतर पुन्हा जहाजाचाच भास होईल. लिंगाचं म्हणाल, तर युद्धनौका मनात धरून 'विक्रांत दाखल झाली' हे रुळलेलं आहे. किनारी ठाण्यांना 'केंद्र' धरून नपुंसकलिंग लावा आणि 'दाखल'ऐवजी 'कार्यान्वित' किंवा साधं 'सुरू' घ्या : 'शिवाजी १९४५मध्ये सुरू झालं.' महाराजांच्या नावापुढे एकेरी क्रियापद खटकत असेल, तर 'शिवाजी हे केंद्र सुरू झालं' असं लिहा.