डावखुऱ्याशी पुन्हा फायनल, सहा आठवड्यांत काय बदलायचं?

काळी_माती (दारव्हा)
पोट्टा १९ वर्षांचा, बॉक्सिंग खेळतो, उजवा. विभागीय फायनलला पुन्हा तोच डावखुरा. मागच्या खेपेला २-३ नं गेला. पहिला राऊंड घेतला, मग जॅब (पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा) पोचेचना अन् समोरच्याचा सरळ डावा नाकावर बसत गेला. बॅगवर रोज तासभर राबतो. वजन दीड किलो जास्त आहे.

घंटा_वाजली
भाऊ, हात सोडा, पाय बघा. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे. आत पडला की त्याच्या डाव्याला सरळ वाट मिळते, वर पायात पाय अडकून तोल जातो तो वेगळाच.

चुन्यानं २० फुटी चौकोन आखा. जोडीदाराच्या उजव्या बुटाला लाल चिंधी बांधा. आपला बूट चिंधीच्या बाहेर असेल तेव्हाच उजवा मारायचा, नाहीतर हात राखायचा. जॅब घुसवत बसू नका. डाव्या ग्लोव्हनं त्याचा पुढचा हात वरून दाबा, सरळ उजवा आधी पोटात, मग तोंडावर. मारल्यावर डावीकडे निघायचं. उजवीकडे गेला की आपल्या पायानं त्याच्या डाव्यात चालत जातो.

मेक्सिकोच्या उजव्या मार्केझनं फिलिपिन्सच्या डावखुऱ्या पॅकियावला असंच गाठलं. २००४ ला बरोबरी, २००८ अन् २०११ चे निकाल पॅकियावकडे. ८ डिसेंबर २०१२ ला मार्केझनं तिसऱ्या राऊंडला त्याला उजव्यानं पाडला, पाचव्यात स्वतः पडला, तरी उजवा सोडला नाही. सहाव्याच्या शेवटच्या सेकंदाला पॅकियाव झेपावत आत आला अन् तोच उजवा लागून पालथा झाला.

पंचाची_खुर्ची
२-३ म्हणजे पाचपैकी एका पंचाचा निकाल फिरला असता तर फायनल तुमची होती. राऊंड १०-९ नं जातो (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९), त्यात वॉर्निंग मिळाली की एक गुण कट. डावखुऱ्यासमोर डोकं खाली घालून घुसणारी पोरं इथंच मार खातात. उघड्या ग्लोव्हचा फटका धरत नाहीत, मूठ बसली पाहिजे.

वजनाचं आत्तापासून बघा, आठवड्याला पाव किलो. लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं असतं. आपल्याकडच्या उन्हात रेनकोट घालून पळवू नका. पाणी तुटलं की हात उशिरा उठतो, डोक्याला इजा व्हायचा धोकाही वाढतो.

घंटा_वाजली
बॅगेत रेती आहे का? ती खाली बसते, तळ दगडासारखा होतो अन् मनगट लचकतं. शिंप्याकडची कातरण आणा, वीतभर भरली की दांडक्यानं ठोकत चला. बॅग चार राऊंडच, बाकी वेळ जोडीदारासोबत.

काळी_माती
चिंधीचं उद्यापासूनच लावतो. पण तालमीत सगळे उजवेच आहेत जी.

घंटा_वाजली
उजव्यालाच उलटा उभा करा. त्याचा डावा कच्चा असेल, पण पुढचा पाय बरोबर जागी येतो, सुरुवातीचे दोन आठवडे तेवढं पुरतं. त्यानंतर मात्र खरा डावखुरा शोधाच, शेजारच्या तालुक्यातून आणावा लागला तरी चालेल. १६ औंसाचे ग्लोव्ह, हेडगार्ड, आठवड्यातून दोनदा तीन राऊंड. फायनलच्या दहा दिवस आधी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) बंद.