दारापर्यंत गिगाबिट, आत मात्र जिन्याखालचा स्विच

एकाने लिहिलंय की राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कचा (देशभरच्या विद्यापीठं-कॉलेजं-संशोधन संस्थांना जोडणारं सरकारी वेगवान जाळं) बॅकबोन, म्हणजे मधली मुख्य लाइन, वाढवला की कॉलेजातलं नेट आपोआप पळायला लागेल. भावा, इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

या नेटवर्कसाठी केंद्राने २०१० मध्ये ५,९९० कोटी मंजूर केले, काम एनआयसीकडे, म्हणजे केंद्राच्याच संगणक-विभागाकडे दिलं. बॅकबोन वाढला की संस्था-संस्थांमधला रस्ता रुंद होतो, हे खरंच. पण दाराच्या आतलं संस्थेने बघायचं असतं.

मी कोल्हापुरात ज्या कॉलेजची लॅब सांभाळायचो, तिथे १ गिगाबिटची फायबर दारात आलेली. आमच्या इमारतीचा स्विच, म्हणजे आलेलं नेट खोल्याखोल्यांतल्या केबलींना वाटणारा डबा, मात्र १०० मेगाबिटचा, जिन्याखालच्या कपाटात, झाडूंच्या शेजारी. ५० जीबीचा डेटा उतरवायला तासाच्या वर जायचा. गिगाबिटवर तेच सात मिनिटांचं काम. त्यात पावसाळ्यात भिंतीला ओल आली की स्विचचा एकेक पोर्ट (केबल लावायची खाच) झोपायचा. वर सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘नेट चालू हाय की!’

तेव्हा आधी आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर) लावून मोजा. लॅब ते गेटवे (कॉलेजचं नेट जिथून बाहेर पडतं ते दार) वेगळं, गेटवे ते बाहेर वेगळं. आतलाच आकडा पडका निघाला तर दिल्लीला पत्र लिहून काय उपयोग? येत्या बजेटात केबल आणि स्विच धरायला लावा. आणि फायरवॉलही (येणारं-जाणारं नेट तपासणारा पहारेकरी) तपासा, बऱ्याचदा गळा तोच आवळून बसलेला असतो.